हॅचबॅकला ट्रॉली जोडून आंबा न्यायचाय, किती वजन झेपेल?

केसर_अंबाजोगाई
राम राम मंडळी. 1200 सीसीची हॅचबॅक आहे, रिकामं वजन 900 किलोच्या आसपास. एका एक्सलची, बिनब्रेकची ट्रॉली जोडून केज, मांजरसुंबा, बीडमार्गे संभाजीनगरच्या जाधववाडीच्या बाजारात केसर न्यायचा विचार आहे. ट्रॉली रिकामी 180 किलो, क्रेट 15, भरलेला एक क्रेट 22 किलोचा. झेपेल का?

परभणीकर
इंजिन ओढून नेईल. अडचण थांबताना येते, कारण ट्रॉलीचा सगळा रेटा गाडीच्याच ब्रेकवर पडतो. तुमचा हिशोब 180 अधिक 330, म्हणजे 510 किलो. बिनब्रेकची ट्रॉली मालासकट गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्यावर जाऊ देऊ नये, तुमच्यासाठी 450. 10 क्रेट घ्या, 400 किलोत बसेल. आधी गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलरच्या वजनाचा आकडा बघा. तो कमी असेल तर तोच पाळायचा, आणि ट्रेलर जोडू नका असं लिहिलं असेल तर विषय संपला, भाड्याचा छोटा हत्ती करा.

आता भरणं. बहुतेक ट्रॉल्या इथंच चुकतात. क्रेटचा एकच थर ठेवा, सहा एक्सलच्या पुढे, चार मागे. दांडीचा, म्हणजे ट्रॉलीच्या पुढच्या जोडदांड्याचा, गाडीच्या हुकावर पडणारा भार एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के हवा, म्हणजे तुमच्याकडं 30 किलोच्या जवळपास. माणसं तोलायचा साधा काटा घ्या, त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर कपलर, म्हणजे दांडीच्या टोकाची हुकावर बसणारी वाटी. ट्रॉली सपाट असतानाच वाचा. मागे वजन जास्त झालं तर दांडी हूक वर उचलते आणि 60-70 च्या वेगाला ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते. पुढे जास्त झालं तर गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात. तुमची ओढ आणि स्टिअरिंग दोन्ही त्याच चाकांवर आहे.

गॅरेजवाला_बीड
हूक बंपरला लावू नका, डिकीखालच्या दोन्ही मुख्य पट्ट्यांना बोल्टनं बसवा. मागची टो रिंग बंद पडलेली गाडी हलवायला असते, ट्रॉलीला नाही. हुकावरचा गोळा, म्हणजे बॉल, 50 मिलिमीटरचा असेल तर कपलरही 50 चाच हवा, सैल जोडी खड्ड्यात निसटते. लॉक केल्यावर दांडीखाली जॅक लावून उचला. गाडीचं बूड सोबत वर आलं तरच बसलंय. सेफ्टी चेन दोन, दांडीखालून फुलीसारख्या. दांडी सुटली तर जमिनीत न घुसता चेनवर बसते.

ट्रॉलीच्या दिव्यांच्या वायरिंगला 7 पिनचा सॉकेट. इंडिकेटर लावला की ब्रेकलाईटही लुकलुकत असेल तर बल्ब बदलत बसू नका, अर्थिंग बघा. नव्या गाड्यांत टेललाईटची वायर सोलून जोड देऊ नका, कंट्रोल युनिट एरर दाखवतं. ट्रॉलीच्या दिव्यांना थेट बॅटरीवरून वीज देणारा वेगळा रिले मॉड्यूल फ्यूज घालून घ्या.

केसर_अंबाजोगाई
आभारी आहे दादा. मांजरसुंब्याचा घाट भरलेल्या ट्रॉलीनं उतरायचाय, तिथं काय करू?

गॅरेजवाला_बीड
उतार लागण्याआधीच दुसरा गिअर टाका आणि त्यातच उतरा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. थोडा दाबा, सोडा, परत दाबा. सतत दाबला की पॅड तापून ब्रेक धरत नाही. ट्रॉली हलायला लागली तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. उलटसुलट वळवून सावरायला गेलात तर हेलकावा वाढतो. उतरल्यावर बाजूला घेऊन ट्रॉलीच्या दोन्ही चाकांच्या हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात न्या. एक दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल तर बेअरिंगचं ग्रीस गेलंय, तसंच पुढं जाऊ नका.

परभणीकर
ताडपत्री वरून बांधा, बाजू उघड्या ठेवा, नाहीतर उन्हात आंबा उकडतो. क्रेटखाली भाताचा पेंढा घाला, हलकी ट्रॉली गतिरोधकावर फार आपटते. आणि ट्रॉलीलाही स्वतंत्र नोंदणी लागते, मोटार वाहन कायदा 1988, कलम 61. वेल्डिंगवाल्याला ॲडव्हान्स द्यायच्या आधी आरटीओत जाऊन या.