गच्चीसाठी सेकंडचे एक्सपीएस बोर्ड: वजन करूनच घ्या

निम्म्या भावात मिळणारे सेकंडचे, म्हणजे दोषामुळे कारखान्यातून बाजूला काढलेले, एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारे एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीन फोमचे बोर्ड) गच्चीवर चालतील का, तर चालतील; पण सेकंड कशामुळे ठरलेत ते पाहा. तुटलेले कोपरे, रंगातला फरक, मापात दोन-चार मिमी कमीजास्त हे चालतं. वाकलेला बोर्ड मात्र फुकटही नको: खाली पोकळी राहते आणि वरच्या कोब्याला तडा जातो.

घनता डोळ्यांना कळत नाही, म्हणून वजनकाटा न्या. १२५० × ६०० × ५० मिमीचा, ३२ किलो प्रति घनमीटर घनतेचा बोर्ड साधारण १.२ किलो भरतो. ९०० ग्रॅम भरला तर सोडून द्या.

जाडी सारखी नसेल तर ५० ऐवजी २५ मिमीचे दोन थर घ्या, वरचे सांधे खालच्यांवर येऊ देऊ नका. फटींत पीयू (पॉलियुरेथेन) फोम, म्हणजे भरल्यावर फुगून घट्ट होणारा फोम, भरा. सिमेंट भरलंत तर तिथूनच उष्णता उतरेल. १००० चौरस फुटांना एका थरात १२४ बोर्ड बसतात, सेकंडमध्ये १४० धरा.

वॉटरप्रूफिंग बोर्डाखाली, आणि पाणी साठवून तपासल्यावरच बोर्ड. गरम डांबर किंवा थिनरवाला गोंद लावलात तर बोर्ड वितळतो किंवा विरघळतो. मिस्त्रींना हे आधीच बजावा.