नदी चढली की आतल्या विहिरीत युरेनियम का वाढतं?

काठावरची_विहीर:
नदीला लागून वाळू-गोट्यांचा जलधर (भूजल धरणारा थर) आहे. त्यावर युरेनियमच्या सांडपाण्याची जुनी तळी होती. तळी बंद झाली, वरची माती काढून हलवली. निरीक्षण विहिरींचे नमुने दर तीन महिन्यांनी घेतले जातात. नदी चढली की अगदी काठावरच्या विहिरीत युरेनियम उतरतं, ते समजतं. पण जुन्या तळ्यांच्या जागेखालच्या विहिरीत त्याच वेळी चढतं. नदीचं स्वच्छ पाणी आत येत असताना वाढ कुठून येते? आणि एकच के-डी (कणांना चिकटलेल्या आणि पाण्यात विरघळलेल्या युरेनियमचं गुणोत्तर) धरून सफाईला किती वर्षं लागतील हे काढता येईल का?

गाळ_आणि_पाणी:
आतल्या विहिरीत चढणारं पाणी बहुतेक नदीचं नसतंच. नदी वाढली की तिच्याकडे वाहणारं भूजल अडतं आणि तुंबून वर येतं. एरवी कोरड्या असलेल्या थरात ते शिरतं. माती काढताना उत्खनन साधारणपणे पाणीपातळीच्या वरच थांबतं, त्यामुळे खालच्या एक-दोन मीटर पट्ट्यात युरेनियम कणांना चिकटून राहिलेलं असतं. तो पट्टा भिजला की ते सुटतं.

सुटण्याचं कारण रसायनात आहे. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात युरेनियम सहा-संयुजी युरेनिल रूपात असतं. लोहाच्या ऑक्साइडांवर आणि चिकणमातीवर ते चांगलं चिकटतं, सामू साधारण ६ ते ७ असताना सर्वात जास्त. पण पाण्यात बायकार्बोनेट आणि कॅल्शियम भरपूर असलं तर कॅल्शियम-युरेनिल-कार्बोनेट संयुगं बनतात. त्यांच्यावर भार नसतो किंवा ऋण भार असतो, म्हणून ती पृष्ठभागावर टिकत नाहीत. भूजलात ही दोन्ही जास्त, नदीच्या पाण्यात सहसा कमी. त्यामुळे काठावर नदीचं पाणी शिरतं तिथे युरेनियम पातळ होतं आणि शिवाय परत कणांना चिकटतंही. नदी उतरली की भूजल पुन्हा तिथून वाहतं आणि चिकटलेलं सोडवून नेतं. काठावरचा खरा उच्चांक म्हणूनच अनेकदा पूर ओसरताना दिसतो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी हॅनफर्डचा '३०० एरिया' आहे. अणुइंधन बनवण्याचं सांडपाणी तिथे १९४३ ते १९७५ या काळात तळ्यांत सोडलं जात होतं. तिथे हेच चित्र वर्षानुवर्षं मोजलं गेलं आहे.

मंदन_गुणक:
एकच के-डी धरू नका. त्याच ३०० एरियात १९९० च्या दशकात काढलेला अंदाज असा होता, की ३ ते १० वर्षांत पाणी आपोआप मर्यादेखाली येईल. तसं झालं नाही.

गणित करून बघा. मंदन गुणक म्हणजे युरेनियम पाण्यापेक्षा किती पट हळू सरकतं तो आकडा. मंदन गुणक = १ + (घनता ÷ सच्छिद्रता) × के-डी. घनता १.८ ग्रॅम प्रति घन सेंमी, सच्छिद्रता ०.३ असेल तर भागाकार ६. प्रयोगशाळेत के-डी ५ मिलिलिटर प्रति ग्रॅम आला, तर गुणक ३१. पण ती चाचणी २ मिमीपेक्षा बारीक मालावर झालेली असते. जागेवर बारीक माल २० टक्केच आणि बाकी गोटे असतील, तर के-डी १ च्या आसपास आणि गुणक ७. हा चौपटीहून मोठा फरक फक्त चाळणीमुळे पडतो! वर अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेट) बदलली की के-डी पुन्हा हलतो, म्हणून मॉडेलमध्ये बायकार्बोनेट आणि कॅल्शियम धरणारं पृष्ठ-संयुग समीकरण (कणांच्या पृष्ठभागावर युरेनियम कसं चिकटतं ते सांगणारं) घाला. शिवाय कणांच्या आतल्या भेगांत बसलेलं युरेनियम हळूहळू झिरपून बाहेर येतं. पंप चालू असताना आकडा पडतो आणि बंद केल्यावर परत चढतो तो यामुळे.

नमुना_बाटली:
तिमाही नमुन्यांत हा खेळ सापडणार नाही. विहिरीत आणि नदीत पातळी, विद्युत वाहकता (पाण्यात क्षार किती ते दाखवणारी), तापमान तासाला नोंदणारे लॉगर बसवा (हवेचा दाब वजा करायला विसरू नका). नमुने चढताना, शिखरावर आणि उतरताना घ्या.

उपसा मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर, त्याहून जोरात नाही. बादलीसारखा बेलर वापरू नका, गाळ ढवळतो. सामू ±०.१ आणि वाहकता ±३ टक्क्यांत सलग तीन वेळा स्थिर झाली की बाटली भरा. युरेनियमसाठी ०.४५ मायक्रॉनमधून गाळून नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली आणा. अल्कलिनिटीची बाटली वेगळी, आम्ल न घालता, आणि ती शक्यतो जागेवरच मोजा. कार्बन डायऑक्साइड उडाला की कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट) बसतो आणि आकडा खोटा येतो.

मग मिश्रण तपासा. भूजलाची वाहकता ५००, नदीची १५०, विहिरीत २९० असेल, तर नदीचा वाटा (५०० − २९०) ÷ (५०० − १५०) = ०.६. नुसतं पातळ झालं असतं तर युरेनियम मूळच्या ४० टक्के दिसेल. त्याहून कमी असेल तर ते चिकटतंय, जास्त असेल तर कुठून तरी सुटतंय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच आकड्यात मिळेल.

काठावरची_विहीर:
आभार, आता चित्र स्पष्ट झालं. युरेनियम जागेवरच बांधून ठेवायचे उपाय, म्हणजे अॅसिटेट किंवा फॉस्फेट, कितपत टिकतात?

गाळ_आणि_पाणी:
अॅसिटेटने जिवाणू युरेनियमला चार-संयुजी, जवळपास न विरघळणाऱ्या रूपात आणतात. कोलोरॅडोतल्या रायफल इथे २००२ च्या प्रयोगात काही आठवड्यांत आकडा घसरला. पुढे हे काम करणारे जिओबॅक्टर जिवाणू मागे पडून सल्फेट वापरणारे जिवाणू वरचढ झाले आणि युरेनियम पुन्हा वाढलं. ऑक्सिजन किंवा नायट्रेट असलेलं पाणी आलं तर बसलेलं युरेनियम परत विरघळतं, आणि नदीकाठी असं पाणी दर पुराला येतं.

फॉस्फेटने ऑट्युनाइट (कॅल्शियम-युरेनिल-फॉस्फेटचं खनिज) बनतं, ते ऑक्सिजनला घाबरत नाही. अडचण पोहोचवण्याची आहे: साधा फॉस्फेट इंजेक्शनच्या भोवतीच कॅल्शियमला धरून बसतो. म्हणून पॉलीफॉस्फेट वापरतात, ते हळूहळू तुटतं. गोट्यांच्या वेगवान प्रवाहात मात्र तेही वाहून जातं. हॅनफर्डला २०१५ पासून ते पाणीपातळी वरखाली होते त्या पट्ट्यात आणि त्याच्या वरच्या थरात घातलं. इंजेक्शन नदी खाली असताना, नाहीतर फॉस्फेट नको तिकडे जाईल. आधी ब्रोमाइड (पाण्याबरोबर वाहणारा, माग काढायला वापरतात तो क्षार) सोडून प्रवाहाची दिशा आणि वेग मोजून घ्या.