‘मोस्ट व्हॅल्युएबल’ला मराठीत काय म्हणाल? मौल्यवान, मोलाचा, की आणखी काही?

ओसरी:
एक अडचण आलीये, जाणकारांनी मदत करा. माझा मुलगा चौदा वर्षांचा, आम्ही न्यूजर्सीत राहतो. तो आणि त्याचे तीन मित्र स्ट्रॅट-ओ-मॅटिक नावाचा बेसबॉलचा खेळ खेळतात, म्हणजे कॉम्प्युटरवर नाही, पुठ्ठ्याची कार्डं आणि तीन फासे घेऊन. प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड. पांढरा फासा १ ते ३ पडला तर बॅटरच्या कार्डावरचा रकाना बघायचा, ४ ते ६ पडला तर पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या), आणि उरलेल्या दोन फाशांची बेरीज करून त्या रकान्यात खाली उतरायचं, तिथे काय लिहिलंय ते घडलं. फासे टेबलाखाली जातात म्हणून माझ्या पोळ्यांच्या डब्याच्या झाकणात टाकतात, अख्खा शनिवार घरात खडखडाट असतो. पोरांनी १९८७ ची नॅशनल लीग (अमेरिकेतल्या दोन मोठ्या बेसबॉल लीगपैकी एक) घेतलीये, १२ टीम, प्रत्येकीचे १६२ सामने. दीड वर्ष झालं, आता सप्टेंबर चालू आहे (त्यांचा सप्टेंबर).

तर दर रविवारी चिरंजीव एमव्हीपीच्या शर्यतीत पहिले पाच कोण ते लिहितात (एमव्हीपी म्हणजे मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर, लीगमधल्या एका खेळाडूला वर्षाकाठी मिळणारा किताब) आणि मी ते मराठीत करून सांगलीला सासऱ्यांना पाठवते. ते ८१ वर्षांचे, क्रिकेटचे दर्दी, आणि नातवाचं हे सगळं मनापासून वाचतात. ह्या वेळी मी लिहिलं, "सर्वात मौल्यवान खेळाडूच्या किताबाचे दावेदार : १. आंद्रे डॉसन २. ओझी स्मिथ ३. जॅक क्लार्क ४. टोनी ग्विन ५. टिम रेन्स." लगेच फोन. म्हणाले, सूनबाई, मौल्यवान वस्तू असते, "मौल्यवान वस्तू सांभाळा" अशी पाटी असते एसटी स्टँडवर, माणूस कसा मौल्यवान? आणि दावेदार कुठल्या कोर्टातले? (त्यांची नोकरी दिवाणी कोर्टात गेली, त्यामुळे दावा म्हटलं की त्यांना वादी-प्रतिवादीच दिसतात.)

म्हणून तीन शब्द हवेत. व्हॅल्युएबल, कंटेंडर, आणि सिम्युलेटेड सीझन (म्हणजे पोरांचा हा फाशांवरचा हंगाम). रविवारच्या आत मिळाले तर फार बरं होईल.

पाटीपेन्सिल:
आधी मूळ चूक. मौल्यवान नाही, मूल्यवान. मूल्य ह्या शब्दाला ‘वान’ लावला की मूल्यवान होतो, त्यात ‘मौ’ यायचं काहीच कारण नाही. बुद्धी आणि मान मिळून बौद्धिमान होतं का?

शेवटचीबस:
मी आयुष्यात कोणालाही मूल्यवान म्हणताना ऐकलेलं नाही. पेपरात, पाटीवर, शाळेच्या निबंधात सगळीकडे मौल्यवान. आयपीएलचा निकाल छापतानाही "सर्वात मौल्यवान खेळाडू" असंच येतं. लोक म्हणतात ते बरोबर. ओसरीताई, तुमचं काही चुकलेलं नाही.

पाटीपेन्सिल:
लोक म्हणतात म्हणून बरोबर असेल तर मग शब्दचर्चा कशाला करायची?

नदीकाठ:
मौ आणि मू बाजूला ठेवा जरा, आजोबांचा मुद्दा त्याहून खोल आहे. माणसाला आपण मौल्यवान म्हणत नाही हे खरंच आहे. माणूस मोलाचा असतो, "लाखमोलाचा माणूस गेला" म्हणतो आपण. आणि मोल म्हणजे मूल्यच, प्राकृतातल्या मोल्लवरून आपल्याकडे आलेलं. संस्कृतात मूल म्हणजे मुद्दल, भांडवल, आणि त्यावरून मूल्य. म्हणजे मूळ, मुद्दल घातलं त्याच्या बदल्यात जे येतं ते. मराठीत मात्र ह्या एकाच घराण्याचे दोन शब्द दोन वाटांना गेले. मूल्य शिक्षणात गेलं, नीतिमूल्यं, मूल्यमापन, मूल्यवर्धित कर. मोल घरात राहिलं. आईच्या हातच्या गोधडीचं मोल असतं, मूल्य नसतं. म्हणून ‘सर्वात मोलाचा खेळाडू’. माझं मत पक्कं आहे.

गावठाण:
नदीकाठ, सगळं पटलं पण आमच्याकडे (मी बार्शीकडचा) मोलाचा गडी म्हणजे पैसे देऊन लावलेला गडी. मोलमजुरी, मोलकरीण, मोलकरी हे सगळं त्यातलंच. "मोले घातले रडाया" ही म्हण आहे, त्यात मोल म्हणजे मजुरी, भाडं. माझी आजी सांगायची, ह्या वर्षी घरची माणसं कमी होती, खुरपणी मोलाने करून घेतली. तिला जर मी सांगितलं की डॉसन सर्वात मोलाचा खेळाडू तर ती विचारेल, किती रोज देतात त्याला?

ओसरी:
गावठाण, अगदी हाच प्रश्न डॉसनच्या बाबतीत विचारायला हवा! मुलानेच मला सांगितलेली गोष्ट आहे. १९८७ च्या सुरुवातीला त्याला मॉन्ट्रियल सोडून शिकागो कब्ज ह्या टीमकडे यायचं होतं, गुडघे खराब झाले होते, मॉन्ट्रियलचं कृत्रिम गवत सोसत नव्हतं आणि शिकागोत खरं गवत होतं. कोणीच दार उघडेना (तेव्हा सगळ्या मालकांनी आपसात संगनमत केलं होतं, पुढे लवादाने तसं ठरवलं). तर हा गेला आणि कोरा करारच हातात दिला, सही केली, आकडा तुम्ही भरा म्हणाला. त्यांनी ५ लाख डॉलर भरले, आधी मिळायचे त्याहून बरेच कमी. आणि त्या वर्षी त्याने ४९ होम रन (आपल्या षटकारासारखे) मारले, १३७ आरबीआय (त्याच्या फटक्यांवर टीमला मिळालेले रन), आणि खरा एमव्हीपी झाला, तेही टीम आपल्या गटात तळाला असताना!

नदीकाठ:
हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो. बघा मग. किंमत दुसऱ्याने भरली, मोल त्याने स्वतः दाखवलं. किंमत ठरवता येते, लिहिता येते, कोरी ठेवता येते. मोल कोरं ठेवता येत नाही. मराठीत आपण "किंमत केली", "किंमत लावली", "किंमत पाडली" म्हणतो पण मोलाला "मोल नाही" म्हणतो, म्हणजे मोजता येत नाही. मोलाचाच घ्या, ताई.

गावठाण:
"मोल केलं" पण म्हणतात की, बाजारात घासाघीस करताना. मोलभाव.

नदीकाठ:
मोलभाव हिंदीतून आला, आपण भाव करतो.

गावठाण:
बार्शीच्या बाजारात या एकदा बैलं घ्यायला, मग ठरवू कुठून आला.

स्कोअरबुक:
मी वीस वर्षं क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलंय आणि स्थानिक पेपरला बातम्या दिल्यात, त्या अनुभवावरून सांगतो. खेळाच्या मराठीत ह्या शब्दांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ‘उपयुक्त’ म्हणजे नवव्या नंबरवर येऊन २०-२५ केले. ‘मोलाची’ म्हणजे ४०-५०, भागीदारी वगैरे, सामना सावरला. ‘निर्णायक’ म्हणजे जिंकवला. म्हणजे मोलाचा हा शब्द वाचणाऱ्याच्या डोक्यात मधल्या पायरीवर आहे. त्याला ‘सर्वात’ लावून वर ढकलता येत नाही, ऐकायला ओशाळवाणं होतं. आणि मोलाची खेळी असते, मोलाची मदत, मोलाचा सल्ला. कामाला लागतो तो शब्द, माणसाला क्वचित.

आपल्याकडे तयार शब्द आहेत, सामनावीर आणि मालिकावीर. मॅन ऑफ द मॅच आणि मॅन ऑफ द सीरिज कोणी शब्दशः केलं नाही, सरळ वीर केलं आणि सगळ्या महाराष्ट्राने उचललं. त्याच चालीवर हंगामवीर करा. एका शब्दात काम.

शेवटचीबस:
हंगामवीर मस्त!! +१

पाटीपेन्सिल:
हंगाम फारसी आहे.

स्कोअरबुक:
मग मोसम म्हणू?

पाटीपेन्सिल:
तो अरबी आहे. सावरकरांनी दिनांक दिला, महापौर दिला, लोक तेव्हाही म्हणाले असतील की कोण वापरणार, आज सगळे वापरतात. ऋतुवीर, वर्षवीर, काहीतरी आपलं शोधता येईल. शोधायचंच नाही म्हटलं तर सगळंच परकं राहील. किंमत अरबी, दावा अरबी, दावेदारमधला दार फारसी, हंगाम फारसी. ओसरीताईंच्या एका ओळीत आपलं काय उरलं?

गावठाण:
हंगाम आपलाच आहे हो. रब्बीचा हंगाम, आंब्याचा हंगाम, साखर कारखान्याचा गळीत हंगाम. आमच्या चार पिढ्या त्या शब्दावर जगल्या. शब्द कुठून आला ह्यापेक्षा कोणाच्या शेतात राबला ते बघा.

कडबोळं:
हंगामवीरमध्ये वेगळी अडचण आहे. हंगामी म्हणजे तात्पुरता. हंगामी कर्मचारी, हंगामी सभापती. मी सरकारी ऑफिसात अकरा वर्षं हंगामी होते, त्यामुळे हंगाम हा शब्द दिसला की मला ऑर्डर संपल्याची तारीख आठवते. हंगामवीर वाचताना कोणालाही हंगामी वीर वाटेल.

दुसरं म्हणजे वीर म्हटलं की जो सगळ्यात जास्त चमकला तो. व्हॅल्युएबलमध्ये ‘कोणासाठी’ हे येतं. टीमसाठी. ते वीरमध्ये नाही.

डबलप्ले:
कडबोळंताईंनी नेमकं बोट ठेवलं. मी ओहायोत ३० वर्षं आहे, बेसबॉल रोज बघतो, म्हणून थोडं लिहितो. हा पुरस्कार १९३१ पासून बेसबॉल लेखकांची संघटना देते. प्रत्येक लीगसाठी ३० लेखक मत देतात, प्रत्येकी दहा नावं क्रमाने, पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला ९, मग ८, ७ असं एकपर्यंत. आणि मतपत्रिकेसोबत ज्या सूचना येतात त्यात स्वच्छ लिहिलंय की व्हॅल्युएबलची ठाम व्याख्या नाही, ज्याने त्याने ठरवावं. खेळाडू जिंकणाऱ्या टीममधलाच हवा असंही नाही. म्हणजे तुम्ही ज्यावर इथे भांडताय त्यावरच ते लोक इंग्रजीत भांडतायत, दर शरदात.

सर्वोत्कृष्ट मात्र चालणार नाही, कोणी सुचवायच्या आत सांगतो. टेड विल्यम्सने १९४२ आणि १९४७ दोन्ही वर्षी ट्रिपल क्राउन केला, म्हणजे सरासरी, होम रन, आरबीआय तिन्हीत पहिला, आणि दोन्ही वेळा एमव्हीपी दुसऱ्यालाच मिळालं. ४७ ला तर डिमॅजिओ २०२, विल्यम्स २०१, एका गुणाने. सर्वोत्कृष्ट तोच होता ह्यात मला काडीचीही शंका नाही.

१९८७ चंही तेच. डॉसन पहिला, ओझी स्मिथ दुसरा, जॅक क्लार्क तिसरा. ओझीने त्या अख्ख्या वर्षात एकही होम रन मारला नाही! शून्य. पण शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी) उभा राहून त्याने जे अडवलं त्यावर सेंट लुइस लीग जिंकलं. मी असतो तर मत ओझीला दिलं असतं. ओसरी, तुमच्या चिरंजीवांच्या फाशांमध्ये ओझी कसा चाललाय?

ओसरी:
ओझीवरूनच घरात भांडण आहे! मुलाचं म्हणणं डॉसन, त्याच्या मित्राचं म्हणणं ओझी, कारण फासे तिकडे पडले की बॉल ओझीकडे जातो आणि कार्डावर त्याला फील्डिंगचा १ आहे, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा. तो मित्र म्हणतो, जे रन झालेच नाहीत ते कोणी वहीत लिहितं का? मला हे वाक्य फार आवडलं.

आणि क्लार्कची गंमत वेगळीच. खऱ्या हंगामात जो जितके सामने खेळला तितकेच खेळवायचे असा ह्यांचा नियम. क्लार्कचा घोटा तेव्हा सप्टेंबरमध्ये दुखावला आणि तो १३१ वर थांबला. इथे त्याचे १२९ झालेत. दोन सामने उरलेत, मग कार्ड डब्यात. पोरांनी ते कार्ड वेगळं काढून फ्रिजवर लावून ठेवलंय, शेवटच्या दोन सामन्यांसाठी.

खोखोवाला:
उशिरा आलो. आमच्या खो-खोत हा प्रश्नच येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांत एकलव्य, महिलांत राणी लक्ष्मीबाई, कुमारांत वीर अभिमन्यू, मुलींत जानकी, किशोरांत भरत, किशोरींत इला. विशेषणच नाही, सरळ नाव. मौल्यवान की मोलाचा हे कोणी विचारत नाही. "ह्या वर्षीचा एकलव्य कोण" म्हटलं की मैदानावरच्या पोराला कळतं. आणि ओझीसारखा माणूस आमच्याकडे उपाशी राहत नाही, कारण आमच्यात संरक्षण घड्याळात मोजतात, पावणेदोन मिनिटं पळाला की पावणेदोन मिनिटं कागदावर येतात. तुम्हीही आजोबांसाठी एखादं नाव ठेवा.

नदीकाठ:
कल्पना सुंदर आहे. पण मग ते भाषांतर नाही राहत.

कडबोळं:
कंटेंडरला ‘संभाव्य मानकरी’ कसं वाटतं? पुरस्काराचा मानकरी आपण म्हणतोच. दावा नको, कोर्ट नको.

गावठाण:
मानकरी नको. आमच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा द्यायचा मान एका घराचा, काठीचा मान दुसऱ्या घराचा, तो बापाकडून मुलाकडे येतो. त्यात संभाव्य कोणी नसतं, त्यावरून मारामाऱ्या झालेल्या मी बघितल्यात. मान असतो, मिळवावा लागत नाही. डॉसनने कोरा कागद देऊन मिळवलं, त्याला मानकरी म्हणू नका.

शेवटचीबस:
दावेदारच ठेवा. "विजेतेपदाचा प्रबळ दावेदार" कोणाला कळत नाही? आजोबा कोर्टात होते म्हणून सगळ्या महाराष्ट्राने शब्द सोडायचा का...

स्कोअरबुक:
‘शर्यतीत’ म्हणा. ओसरीताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये न कळत लिहिलंय बघा, "एमव्हीपीच्या शर्यतीत पहिले पाच कोण". आपोआप आलेला शब्द बरोबर असतो.

डबलप्ले:
आणि सिम्युलेटेडचं काय? आभासी नको, ते हल्ली इंटरनेटला लावतात.

गावठाण:
लुटुपुटीचा हंगाम. लुटुपुटीची लढाई म्हणतो तसा.

ओसरी:
मुलाला विचारलं, अर्थ समजावून सांगितला. त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, आई, लुटुपुटीचं नाहीये हे, दीड वर्ष लिहितोय आम्ही, चौथी वही आहे. मला वाईट वाटलं विचारल्याचं.

कडबोळं:
लॉ कॉलेजात मूट कोर्टला ‘अभिरूप न्यायालय’ म्हणतात. वकील खरे नसतात पण कायदा खरा असतो, युक्तिवाद खरा असतो. अभिरूप हंगाम. कोर्टातल्या आजोबांना तर लगेच कळेल.

पाटीपेन्सिल:
अभिरूप उत्तम. संस्कृत, नेमका, आणि आधीपासून वापरात असलेला.

शेवटचीबस:
चला, पाटीपेन्सिल कशाला तरी हो म्हणाले :)

पाटीपेन्सिल:
मूल्यवानला पण म्हणायला तयार आहे, तुम्ही सगळे मूल्यवान लिहिणार असाल तर.

ओसरी:
अभिरूप सासऱ्यांना फोनवर सांगितला, खूश झाले. म्हणाले, कंटेंडरला शर्यत चालेल, पण घोड्यांची वाटता कामा नये. आणि व्हॅल्युएबलला ते काय म्हणतात माहितीये? "भरवशाचा". म्हणाले, ज्याच्याकडे बॉल गेला की आपण निवांत बसतो तो. म्हणजे ते ओझीच्या बाजूला गेले! मुलगा आता म्हणतोय आजोबांनी शब्दात मत घातलं, हे भाषांतर पक्षपाती आहे, तो शब्द घ्यायचा नाही.

नदीकाठ:
मुलाचं बरोबर आहे. भरवशाचा म्हणजे रिलायेबल. मोलाचाच घ्या.

स्कोअरबुक:
हंगामवीर.

गावठाण:
भरवसा की भरोसा, मूळ काय? आमच्याकडे "भरवशाच्या म्हशीला टोणगा" म्हणतात, त्यामुळे आजोबांच्या शब्दात थोडी भीती पण आहे बघा.

पाटीपेन्सिल:
भरवसा मराठी, भरोसा हिंदी. त्यावर वेगळा धागा काढा, मला बरंच लिहायचंय.