इंग्रजी खेड्यातील रहस्यकथा प्रथमच वाचताना: खुनाआधीची प्रकरणे चाळली तर चालतील का?

पेठेतला वाचक (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

नमस्कार. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड वाचत मी मोठा झालो. तेथे दोन-चार पानांत काहीतरी घडतेच. सध्या अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची १९३० सालची 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज' हाती घेतली आहे. चौथे प्रकरण संपत आले, तरी सेंट मेरी मीड या गावातील मंडळी चहा पीत एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत आहेत आणि नावे तर लक्षातच राहत नाहीत. हा भाग भरभर चाळून थेट खुनापाशी गेलो, तर काही बिघडेल का?

रंकाळाकाठ

कृपया चाळू नका, कारण आपण ज्याला पाल्हाळ समजत आहात, तेथेच निम्म्या साक्षी नोंदवल्या जात आहेत. पहिल्याच प्रकरणात जेवणाच्या टेबलावर, हातात मांस कापण्याची सुरी असताना, गावचा धर्मगुरू बोलून जातो की कर्नल प्रोदरो यांचा कोणी खून केला तर जगावर उपकारच होतील. कथाही हाच धर्मगुरू सांगतो, आणि पुढे प्रेत सापडते ते त्याच्याच अभ्यासिकेत.

चहाच्या बैठकीतील मिस मार्पल यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांची बाग धर्मगुरूंच्या घराला लागून आहे. तण उपटण्याच्या आणि दुर्बिणीतून पक्षी पाहण्याच्या निमित्ताने कोण कोणत्या वाटेने आत गेले, हे त्यांना बिनचूक ठाऊक असते. आपल्या पेठेत गॅलरीत गहू निवडत बसलेल्या आजींच्या नजरेतून गल्लीतले कोणी सुटत नाही, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की या बाई पाहिलेल्या गोष्टीला पूर्वी गावात घडलेल्या एखाद्या क्षुल्लक प्रसंगाशी ताडून पाहतात आणि माणसाचा स्वभाव ओळखतात.

निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. गावातील पदे समजून घेतली, तर नावेही आपोआप लक्षात राहतील. इंग्लंडच्या चर्चमधील धर्मगुरू संसारी असू शकतो, म्हणूनच येथे त्याची तरुण, अव्यवहारी पत्नी ग्रिसेल्डा भेटते. चर्चवॉर्डन हा धर्मगुरू नसून चर्चच्या व्यवहारावर देखरेख ठेवणारा गावकरी असतो. कर्नल चर्चवॉर्डनही आहेत आणि दंडाधिकारीही, त्यामुळे त्यांच्यावर दात धरून असणाऱ्यांची वाण नाही. दानाच्या थैलीत टाकलेली एक पौंडाची नोट हिशेबात दिसत नाही, ही तक्रारही नजरेआड करू नये.

आणखी एक सांगते, यात रहस्यभेद होत नाही. अभ्यासिकेतील घड्याळ मुद्दाम पाव तास पुढे ठेवलेले असते. धर्मगुरू ते इन्स्पेक्टर स्लॅक यांना सांगू पाहतो, पण ते गृहस्थ त्याला बोलूच देत नाहीत! मला स्वतःला हा प्रसंग तपासाच्या सगळ्या धावपळीपेक्षा अधिक आवडतो.

जुना सभासद

माझे मत थोडे वेगळे आहे. चाळू नये हे मान्य, तथापि नावांचा गोंधळ हा सर्वस्वी वाचकाचा दोष नाही. या कादंबरीत पात्रे फार झाली आणि उपकथानकेही फार झाली, असे खुद्द ख्रिस्तीबाईंनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. मिस मार्पल हे पात्र असलेली ही पहिलीच कादंबरी. त्याआधी त्या १९२७ पासून लघुकथांत दिसत होत्या. आपल्या आवृत्तीत घराचा व परिसराचा नकाशा असेल, तर तेथे खूण घालून ठेवावी आणि कोणी कोणत्या फाटकातून आल्याचे सांगितले, की प्रत्येक वेळी ते पान उघडून पाहावे. नावांची यादी करण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

पेठेतला वाचक

सर्वांचे आभार. नकाशा आहे, मी तो शोभेचा समजून उलटला होता. आता पुन्हा पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करतो. तोवर खुनी कोण, हे कृपया कोणीही येथे लिहू नये.