कैरीला मीठ लावलं की पाणी कुठून येतं?

प्रश्न: आजी लोणच्याच्या फोडींना मीठ-हळद चोळून ठेवते. थोड्या वेळात पातेल्यात पाणी जमतं. वरून थेंबही घातलेला नसतो. पुस्तकात ‘परासरण’ आहे, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी जास्त खारट बाजूकडे जाणं, पण मग मीठच आत का शिरत नाही?

प्रतिसाद १: पाणी फोडीतलंच, पेशींच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत साठलेलं. प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, मेदरेणूंच्या दोन थरांचं असतं. सोडियम-क्लोराइडचे भारित आयन त्या तेलकट थरातून सहज जात नाहीत, पाणी जातं. त्यासाठी पटलात अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनंही असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मी अकरावीला शिकवते. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी साल मिठाच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली जरूर बघ. पेशीतला रंगीत गोळा भित्तिकेपासून, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या टणक भिंतीपासून सुटून आत आक्रसतो. याला रससंकोच म्हणतात. आकृती पाठ करण्यापेक्षा हे एकदा डोळ्यांनी बघणं फार मोलाचं आहे, प्रयोगशाळेत हट्ट धर!

प्रश्नकर्ती: मग मुरलेली फोड आतपर्यंत खारट कशी?

प्रतिसाद १: छान विचारलंस. इतक्या मिठात पेशी मरतात. मेलेल्या पेशीचं पटल निवड करू शकत नाही, मग मीठ आत पसरतं.

प्रतिसाद २: रक्ताचंही हेच. शिरेतून नुसतं शुद्ध पाणी दिलं तर तांबड्या पेशी फुगून फुटतील, त्यांना भित्तिका नसते. म्हणून सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं.