लस घेऊनही कांजिण्या झाल्या, मग सगळ्या मुलांना टोचून उपयोग काय?

मुक्ताची_आई:
मुलगी सहा वर्षांची. सव्वा वर्षाची असताना कांजिण्यांचा एक डोस झालेला, दुसरा राहूनच गेला. आता वर्गात साथ आलीय आणि हिच्याही अंगावर मोजकं पुरळ उठलंय, ताप नाही काही नाही, मस्त खेळतेय. पण घरात सुरू झालंय की बघ, टोचून काय मिळालं, लहानपणी येऊन गेलेलंच बरं असतं. मला खरं तर एवढंच विचारायचंय की ज्या देशांत सरसकट सगळ्या मुलांना ही लस देतात तिथे आजार खरंच कमी झालाय का?

रिकामटेकडा:
झालाय, आणि भरपूर झालाय. अमेरिकेत 1995 मध्ये लस आली. त्याआधी वर्षाला साधारण 40 लाख केसेस, 10 हजारांवर लोक हॉस्पिटलात आणि 100 ते 150 मृत्यू, हो, कांजिण्यांनीच, आपल्याला वाटतं चार दिवस खाज सुटते आणि संपलं. 25 वर्षांत केसेस 97 टक्क्यांच्या वर घटल्या. मला सगळ्यात भारी वाटतं ते एक वर्षाखालच्या बाळांचं, त्यांना ही लस देतच नाहीत तरी त्यांच्यातल्या केसेस 90 टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या, कारण घरात आजार आणणारी मोठी भावंडंच आजारी पडेनाशी झाली.

पेडियाट्रिकवाली:
ताई, मुलीला जे झालंय तेच एका डोसचं काम आहे. एक डोस 80 ते 85 टक्के मुलांना आजारच होऊ देत नाही, उरलेल्यांना झाला तरी सहसा 50 पेक्षा कमी पुरळ, पाण्याचे फोड थोडेच, ताप कमी किंवा नाहीच. लस न घेतलेल्या मुलाला एरवी अडीचशे ते पाचशे फोड येतात, त्यात खाजवून जंतुसंसर्ग, कधी न्यूमोनिया, क्वचित मेंदूला सूज. अमेरिकेत पण एका डोसवर शाळांमध्ये साथी येतच राहिल्या, म्हणून 2006 पासून दुसरा डोस सुरू केला, दोन डोसनी संरक्षण 90 टक्क्यांच्या वर जातं. आणि हो, सौम्य असलं तरी पसरतं, कमी पसरतं इतकंच. नवीन पुरळ येणं थांबून पूर्ण एक दिवस जाईपर्यंत शाळा नको. ताप आलाच तर ॲस्पिरिन अजिबात देऊ नका.

शंकासुर:
सगळं मान्य, पण ब्रिटनने इतकी वर्षं का नाही दिली मग? तिकडे म्हणत होते की मोठ्या माणसांचा कांजिण्यावाल्या मुलांशी संबंध येत राहिला की त्यांची प्रतिकारशक्ती ताजी राहते, तो बंद झाला तर नागीण वाढेल, म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू अंगात लपून राहून पुढे कधीतरी पुन्हा उठतो ती. ती भीती गेली कुठे?

रिकामटेकडा:
भीती अगदीच हवेतली नव्हती, 1965 मध्ये होप-सिम्पसन नावाच्या डॉक्टरने मांडलेला विचार होता तो. पण अमेरिकेत नागीण लस यायच्या आधीपासूनच वाढत होती आणि लसीनंतर काही वेगळी उसळी दिसली नाही. उलट लस घेतलेल्या मुलांना नागीण कमी होते, तिकडच्या एका मोठ्या अभ्यासात 78 टक्के कमी दिसली. शेवटी ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीने नोव्हेंबर 2023 मध्ये शिफारस केली आणि जानेवारी 2026 पासून 12 आणि 18 महिन्यांना गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीसोबत द्यायला लागले.
माझ्या मते खरी भानगड वेगळीच आहे, ती म्हणजे अर्धवट लसीकरण. निम्म्याच मुलांना दिली तर विषाणू फिरतच राहतो, फक्त हळू, आणि उरलेल्यांना तो मोठेपणी गाठतो, तेव्हा त्रास जास्त आणि गरोदर बाई असेल तर बाळालाही धोका. म्हणून जागतिक आरोग्य संघटना म्हणते की 80 टक्क्यांच्या वर देणं जमणार असेल तरच कार्यक्रम सुरू करा.

मुक्ताची_आई:
धन्यवाद सगळ्यांना, बरंच डोक्यात शिरलं. अजून एक, धाकटा दोन वर्षांचा आहे, त्याला एकही डोस नाही झालेला. आता त्याला द्यायची की वाट बघायची?

पेडियाट्रिकवाली:
वाट कसली बघताय! घरात लागण झाली की लस न घेतलेल्या दहापैकी नऊजणांना होते. संपर्क आल्यापासून 3 ते 5 दिवसांत लस दिली तर अजूनही आजार टळू शकतो किंवा हलका जातो, आणि मुलीचं पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनचा संपर्क धरा. आजच डॉक्टरांना फोन करा.