ताटातूट देहाची, मनाची नाही
ताई, लेक दुबईला गेल्यापासून चर्चमध्येही मन लागत नाही असं लिहिलंत, वाचून गलबलून आलं. आमचा थोरला मस्कतला आहे, मिरज स्टेशनवर गाडी हलली तसा ह्यांनी खिडकीतून चपात्यांचा डबा त्याच्या हातात कोंबला आणि मग बाकावर नुसते बसून राहिले, उठेचनात. त्या रात्री बायबलमधलं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र वाचायला काढलं, प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेलं, दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की आमची ताटातूट झाली ती देहाने, मनाने नाही. म्हणजे प्रेषितालासुद्धा आठवण छळायचीच हो! त्याने त्यांची खुशाली कळावी म्हणून आपला सोबती तीमथ्य याला धाडलं. चौथ्या अध्यायात तर सगळे मिळून सदैव प्रभूजवळ असू असं आहे, माझी आशा तिथंच टेकलीय बघा. आता रोज साडेनवाला फोन स्पीकरवर ठेवून आम्ही प्रार्थना करतो, त्याच्याकडे तेव्हा आठ वाजलेले असतात.